गावाचे आकडे गावाला कळू द्या

ग्रामसभेत घरपट्टीची थकबाकी वाचली जाते, घरकुलाची यादी वाचली जाते, रोजगार हमीची कामं आणि नळयोजनेचा खर्च वाचला जातो. यादीत नाव का नाही म्हणून माणसं तावातावानं भांडतात, आणि भांडलंच पाहिजे. पण गेल्या वर्षात गावात किती मुलं जन्मली, त्यांतली किती अडीच किलोच्या आतली होती, किती दगावली, किती बायांच्या अंगात रक्त कमी आहे, किती जणांना बीपी नि साखर निघाली, हे एखाद्या सरपंचानं आपणहून वाचून दाखवल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. वास्तविक ही सगळी माहिती त्याच गावच्या उपकेंद्रात, आशाताईंच्या डायरीत आणि अंगणवाडीच्या रजिस्टरात लिहिलेली असते.

मी आरोग्य सेविका म्हणून नोकरीला लागले आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी बीड जिल्ह्यात, ऊसतोडीच्या पट्ट्यात गेली. ग्रामीण आरोग्याचा विषय निघाला की डॉक्टर द्या, औषधं द्या, इमारत बांधा, रुग्णवाहिका द्या, अशा मागण्या होतात. त्या रास्तच आहेत आणि त्यासाठी आम्हीही भांडलो आहोत. पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. गावातून गोळा होणारी आरोग्याची माहिती गावाला परत मिळाली, ती समजावून सांगायला शिकणारे डॉक्टर आणि नर्स गावात आले आणि त्यांच्या अभ्यासाचे विषय त्या बोलण्यातून ठरले, तरच बाकीच्या गोष्टींचा उपयोग होतो. शिक्षण, संशोधन आणि लोकसहभाग या तिन्हींची भाषणं मी वेगवेगळी ऐकली आहेत. गावात उभं राहून पाहिलं तर ते एकच काम आहे.

उपकेंद्रातलं रजिस्टर कसं चालतं ते आधी सांगते. आशा घरोघर फिरून गरोदर बायांची नावं आणते. सेविका वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहते आणि लिहिते. महिनाअखेर सगळ्याची बेरीज करून अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्राला जातो, तिथून तालुक्याला, तालुक्याहून जिल्हा परिषदेला आणि पुढे वर. आता अॅप आले, त्यामुळे दिवसाचा आकडा दिवसात दिल्लीपर्यंत पोचतो. वरून परत येते ती विचारणा: उद्दिष्ट किती, साध्य किती, कमी का पडलं? जिच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला, तिला तिचा आकडा कळतो, फार तर सासूला कळतो. तिच्या वस्तीवर तिच्यासारख्या आणखी किती आहेत आणि त्या तशा का आहेत, हा विचार करायला गावाला काहीच मिळत नाही.

एका वर्षी आम्ही थोडं वेगळं केलं. एका गावाचा नकाशा कार्डशीटवर काढला. पाराजवळची घरं, मळ्यातली घरं, गावाबाहेरच्या वस्त्या, सगळं त्यावर आलं. त्यावर कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर लाल, सात ते दहाच्या मधे असेल तर पिवळी आणि त्याच्या वर असेल तर हिरवी. कुणाचं नाव लिहिलं नाही, घरंही मुद्दाम अंदाजानं दाखवली. मग समाजमंदिरात बायांना बसवलं आणि कागद भिंतीला लावला. लाल आणि पिवळ्या टिकल्या गावाबाहेरच्या वस्त्यांवर गोळा झाल्या होत्या. ते सांगायला कुणाच्या शिक्षणाची गरज पडली नाही. उठून जवळ जाऊन पाहणाऱ्या पहिल्या बाईनंच ते बोलून दाखवलं.

त्यानंतर बाया जे बोलल्या ते आमच्या कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात नव्हतं. लोहाच्या गोळ्या आम्ही वाटत होतो आणि रजिस्टरात वाटल्याची नोंद होत होती. पण एक म्हणाली, पहाटे उठून उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, मग खुरपायला कशी जाऊ? दुसरीला संडास काळी व्हायला लागली म्हणून आतून काहीतरी नासलं अशी धास्ती बसली होती. तिनं पाकीट उतरंडीमागं टाकून दिलं होतं. तिसरी म्हणाली, गोळ्या घेते, पण चहाबरोबर घेते. या प्रत्येकीला उत्तर होतं आणि ते साधंच होतं. गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची. चहा गोळीजवळ घ्यायचा नाही, जमलं तर लिंबू पिळून घ्यायचं. काळ्या संडासाला घाबरायचं नाही, लोहामुळे तसं होतंच. जंताची गोळीही त्याबरोबर महत्त्वाची आहे.

खरा प्रश्न मात्र शेवटी निघाला. दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊसतोडीला निघतात आणि त्या वस्तीवरची घरं कुलूपबंद होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. गरोदर बाई पाचव्या महिन्यात जाते आणि बाळ घेऊन किंवा बाळाविना उन्हाळ्यात परत येते. आमच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि त्या ओळीत पुढचे सगळे रकाने रिकामे राहतात. त्या बैठकीत असं ठरलं की टोळ्या निघायच्या आधी आशांनी यादी करायची: कोण गरोदर आहे, कितवा महिना आहे, कुठल्या कारखान्याच्या हद्दीत जाणार आहे, टोळीतल्या कुणाचा फोन लागतो. माता-बाल संरक्षण कार्ड आणि पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर द्यायच्या आणि तिकडच्या आरोग्य केंद्राला फोन करून कळवायचं. सरपंचांनी मुकादमांना बोलावून सांगितलं की तपासणीच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही. सगळ्यांनी ऐकलं असं नाही, पण काहींनी ऐकलं. पुढच्या हंगामात त्या रजिस्टरातल्या बऱ्याच ओळी रिकाम्या राहिल्या नाहीत.

ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला समिती नेमून पाहणी करावी लागली. तिशीतल्या, काही त्याहूनही लहान बायांची ऑपरेशनं झाली होती. ही गोष्ट गावात कुणालाच माहीत नव्हती असं नाही. प्रत्येक घराला आपापल्या घरातलं माहीत होतं. शेजारच्या घरातही तेच झालंय, पुढच्या वस्तीवरही तेच झालंय, हे एकत्र मांडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दर वर्षी गावात अशी किती ऑपरेशनं झाली हा आकडा ग्रामसभेत वाचला गेला असता, तर ‘एवढी का?’ हा प्रश्न कितीतरी आधी विचारला गेला असता, असं माझं ठाम मत आहे.

यात मी नवीन काही सांगत नाही. हे करून दाखवणारी माणसं महाराष्ट्रात होऊन गेली आणि काही आजही काम करताहेत. आमच्या आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले. सुरुवातीला त्यांनी गावोगाव नर्स ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या तरुण मुलीला सुरक्षित वाटत नव्हतं आणि गावही तिला आपलं मानत नव्हतं. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडावी असं ठरलं. निवडल्या गेलेल्या बऱ्याच बाया निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या नेमानं जामखेडला यायच्या, एकमेकींना शिकवायच्या आणि परत जाऊन गावाला शिकवायच्या. शेतकरी मंडळांतली तरुण मुलं घरोघरच्या पाहणीत सहभागी झाली. पाणी, जनावरं, शेती, आजार असं सगळं त्यात आलं. १९७१ मध्ये त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत होते. १९९० च्या दशकात हा आकडा विसाच्या घरात आला. मी स्वतः नर्स आहे, तरी हे मोकळेपणानं सांगते: जे काम आम्हा शिकलेल्या मुलींना परक्या गावात जमलं नाही, ते गावच्या न शिकलेल्या बाईला जमलं, कारण तिला गाव माहीत होतं आणि गावाला ती माहीत होती.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेच्या माध्यमातून संशोधन हेच कामाचं साधन केलं. आधी मृत्यू मोजले. बाळं कशानं जातात ते घरोघर जाऊन शोधलं. न्यूमोनिया हे मोठं कारण निघालं. न्यूमोनिया ओळखायला मिनिटाला श्वास मोजावे लागतात, पण सुईणींना तेवढे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधं उपकरण तयार झालं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं आणि औषध सुरू करायचं. पुढे ३९ गावांमध्ये आरोग्यदूत बायांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. १९९३ ते १९९५ च्या काळात तिथे हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. घरभेटींच्या तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ वर आला. हे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा त्याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करणारी आशा तुम्ही पाहिली असेल. तिच्या हातातली ती पद्धत गडचिरोलीच्या गावांत सिद्ध झालेली आहे.

तिथला दवाखानाही लोकांना विचारून बांधला. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते असं आदिवासींनी सांगितलं, म्हणून झोपड्यांसारखी बांधणी झाली आणि दंतेश्वरी देवीचं नाव दिलं गेलं. आदिवासींची आरोग्य संसद भरते आणि आपल्या गावाला कुठला आजार छळतो हे लोक सांगतात. संशोधनाचा विषय लोकांच्या तोंडून येणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

तिसरं नाव महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं. विंचूदंशाचे पेशंट सगळ्या कोकणात येत होते आणि लाल विंचवाच्या दंशानं माणसं पटापट जात होती. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या या डॉक्टरांनी रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवले. प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध इथे लागू पडतं हे त्यांनी दाखवलं. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या घरात आलं. मोठी प्रयोगशाळा जवळ नव्हती. पेशंट समोर होता, प्रश्न त्या भागाचा होता आणि नोंद प्रामाणिक होती. आपल्या राज्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राला असा एखादा प्रश्न आहे. कुठे सर्पदंश, कुठे सिकलसेल, कुठे कीटकनाशकाची विषबाधा, कुठे बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड. त्याची नोंद करायला कुणी सांगत नाही, कारण वरून आलेल्या तक्त्यात त्याला रकानाच नसतो.

आता शिक्षणाकडे येते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून गाव हा शिक्षणाचा भाग आहे. तिथली प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी गावात मुक्काम करतात. तिथल्या आरोग्य विम्याच्या योजनेत शेतकरी वर्गणी म्हणून ज्वारी घालत. अलीकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सगळ्याच वैद्यकीय महाविद्यालयांना कुटुंब दत्तक उपक्रम लागू केला आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं घ्यायची आणि पदवी होईपर्यंत त्यांच्याशी संबंध ठेवायचा. हा निर्णय चांगला आहे आणि तो नीट चालावा असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच एक अनुभव सांगते. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही, कारण हे अनेक ठिकाणी घडतं. पाहणीसाठी बस आली. मुलं-मुली हुशार होती, आदबीनं बोलत होती. बायांना शाळेच्या खोलीत बसवून लांबलचक फॉर्म भरले, अंगठे घेतले, दंडातून रक्त काढलं. रिपोर्ट पाठवू म्हणाले. बाया माझ्याकडे येऊन विचारत राहिल्या, ‘सिस्टर, आमच्या रक्ताचं काय झालं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिपोर्ट आले नाहीत. नंतर दुसरी एक बस आली तेव्हा त्याच गल्लीतली दारं बंद झाली आणि ‘आधीच्या रक्ताचा हिशोब द्या’ असं एका म्हातारीनं आतूनच सांगितलं. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. गावानं वेळ दिला, रक्त दिलं, घरातल्या खाजगी गोष्टी सांगितल्या. त्याच्या बदल्यात गावाला निदान निष्कर्ष मिळायला हवा, तोही मराठीत आणि त्यांना कळेल असा.

माहिती उघड केली तर काय होईल, ही भीती मला ठाऊक आहे. पहिली भीती बदनामीची. ती खरी आहे. छोट्या गावात ‘एक क्षयरोगी’ म्हटलं तरी बोटं एकाच घराकडे जातात. म्हणून नाव कधीच नको, घर नको आणि ज्या आजाराचे एकदोनच रुग्ण आहेत त्याचा आकडा गावनिहाय न देता आरोग्य केंद्राच्या पातळीवर द्यायचा. दुसरी भीती आम्हा कर्मचाऱ्यांची. बालमृत्यूचा आकडा वाचला की सेविकेला जाब विचारला जाईल. याच भीतीपोटी मृत्यू कमी दाखवले जातात. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं सरकारी नोंदीपेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त मुलं मरतात हे पुढे आणलं, तेव्हा राज्य हादरलं होतं. नोंद लपवल्यानं आमची नोकरी सुरक्षित झाली असेल, बाळं सुरक्षित झाली नाहीत. उलट गावानं कारणं पाहिली, तर रस्ता नव्हता, गाडी आली नाही, पोरीचं लग्न सतराव्या वर्षी लावलं होतं, हेही समोर येतं. मग सगळा दोष एकट्या नर्सच्या पदरात पडत नाही.

ही वाट सरकारला अनोळखी नाही. २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचा कार्यक्रम काही जिल्ह्यांत चालला. गावानं आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे देऊन प्रगतिपत्रक लावायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडायचे, अशी ती पद्धत होती. प्रत्येक महसुली गावाला आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती आहे आणि तिच्यासाठी वर्षाला १० हजार रुपयांच्या अबंधित निधीची तरतूद झाली. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दर वर्षी होतो. म्हणजे बैठकीची जागा आहे, थोडा पैसा आहे, कागदही आहे. त्या कागदावर गावाचा आरोग्याचा आकडा येत नाही एवढंच राहून गेलं आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. वर्षातून एकदा तरी उपकेंद्रानं गावाचं आरोग्यपत्रक एका पानावर, मोठ्या अक्षरांत, मराठीत तयार करून ग्रामसभेत वाचावं आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. ज्या वैद्यकीय किंवा नर्सिंग महाविद्यालयाचे विद्यार्थी त्या गावात येतात, त्यांनी ते पत्रक तयार करायला मदत करावी, लोकांपुढे उभं राहून समजावून सांगावं आणि त्या कामाला परीक्षेत गुण असावेत. गावात पाहणी करणाऱ्या प्रत्येक संशोधकाला, निष्कर्ष गावाला सांगितल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडल्याशिवाय प्रबंध सादर करता येऊ नये. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी विषय निवडण्याआधी एकदा आरोग्य केंद्राच्या सेविकांना आणि आशांना विचारावं की तुम्हाला काय सतावतंय? आणि हे सगळं करणाऱ्या आशांना त्याचा मोबदला मिळावा. गावाचं अर्धं आरोग्य त्यांच्या पायांवर चालतं. आणखी एक वही त्यांच्या गळ्यात फुकट अडकवू नये.

यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठी इमारत लागत नाही. वाचकहो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जी ग्रामसभा आता येईल तिला जा. शहरात राहत असाल तर गावाकडच्या भावाला, पुतण्याला फोन करून सांगा. सभेत उठून एवढंच विचारा: गेल्या वर्षी आपल्या गावात किती मुलं जन्मली, किती गेली आणि कशानं गेली? पहिल्या वेळी उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या वेळी सरपंच सेविकेला बोलावून आणतील. तिसऱ्या वेळी ती कागद घेऊनच येईल. तेवढा वेळ प्रश्न सोडू नका.